गोजरबाईंचा खांदा आणि बारा व्होल्टची मशीन

सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या संतरामांच्या घरात तीस वर्षांत जे घडलं नव्हतं, ते एका ऐतवारी सकाळी घडलं. गोजरबाई भाकरी बांधता बांधता थांबल्या आणि म्हणाल्या, "मी न्हाई येत आज नावेत. खांदा गेला माझा. जावा तुमचे तुमी."

(बायकोनं असं म्हटलं की शहाण्या नवऱ्यानं जायचं नसतं. संतराम गेले.)

ऐतवार म्हणजे मासे धरायचा दिवस, हे त्या घरात तीस वर्षांपासून ठरलेलं. सहा दिवस हळद आणि सोयाबीन, सातव्या दिवशी नाव. धरणाच्या मध्यावर गेलं की नाव वाऱ्यानं सरकू नये म्हणून गोजरबाई दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडायच्या आणि निघताना त्याच वर ओढायच्या. संतराम गळ टाकून बसायचे. (हेही जबाबदारीचंच काम आहे. मासा काही सांगून येत नाही.) दगड म्हणजे गोजरबाईंच्या सासूच्या जात्याची वरची तळी. गावात गिरणी आली, जातं अडगळीत गेलं, आणि दोरी ओवायला मधोमध आयतं भोक म्हणून ही तळी नावेत आली. नव्या नवरीपणी गोजरबाईंनी जिच्यावर दळण दळलं, तीच पुढं त्यांनी जन्मभर पाण्यातून उपसली.

खरं तर मासे हे निमित्तच. घरात लेक, सून, नातवंडं आणि टीव्ही. नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? नावेत दोघंच असायचे. गोजरबाई माहेरच्या त्याच त्या गोष्टी सांगायच्या, म्हैस हौदात पडली ती, मामा वरातीत हरवला ती, आणि संतराम दर वेळी नव्यानं विचारायचे, "मंग काय झालं?"

त्या ऐतवारी संतरामांना चांगला हातभर मासा लागला, पण "बघ गं" म्हणायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी तो परत पाण्यात सोडून दिला. त्यांना फार एकटं वाटलं. म्हातारपणी बायकोवाचून करमत नाही हे कुणाला सांगायचं तरी कसं? त्यापेक्षा मशीन आणणं सोपं, असा विचार करून त्यांनी औंढ्याची जीप धरली.

औंढ्याला विकासचं मोटारींत नवी तार भरायचं दुकान होतं. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या जळक्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या.

"पाण्यातला दगड वर वढायची मशीन पाहिजे. भरवशाची," संतराम म्हणाले.

विकासनं मोबाइल चाळला. "याला विंडलास म्हंतेत काका. समुद्रातल्या बोटीवर असतंय. हे बघा, लहान हाय, तुमच्या नावेला बराबर होईल."

"याच्यावरची साईज काय?"

"काहून? दगड तर केवढुसा."

"लेकरा, पाच एचपीची मोटार लागत असंल तर साडेसातची घ्यावी. लाईट कधी पुरी येती का?"

"काका, ही लाईटवर न्हाई, बॅटरीवर चालती. बारा व्होल्ट म्हंजे बारा व्होल्ट."

"अन् न्हाई आले बारा तर?"

विकासनं मोबाइलवर मोठी मशीन काढली. (पुऱ्या व्होल्टची हमी साऱ्या जिल्ह्यात कुणी देत नाही.) शेवटी सगळ्यांत मोठी मशीन ठरली, तिच्या मानानं ट्रॅक्टरची बॅटरी ठरली. खाऱ्या पाण्यात मशीन गंजत नाही असं लिहिलेलं वाचून तर संतराम फारच खूश झाले. समुद्र उद्या हिंगोलीपर्यंत आलाच, तर एक घर तरी तयार होतं.

मशीन आली. विकासनं ती नावेच्या टोकाला घट्ट बसवून दिली. संतराम छाती फुगवून घरी आले आणि चुलीपुढं उभे राहून म्हणाले, "मशीन बसवली. आता तुझी गरज न्हाई!"

गोजरबाईंनी तव्यावर भाकरी अशी काही आपटली, की तिला पापुद्रा सुटायच्या आधीच भोक पडलं.

सून शिवकन्या सासऱ्यांना हळूच ओट्यावर घेऊन गेली. "मामा, असं म्हंतेत का? 'तुझ्यासाठी आणली' म्हना."

संतराम परत आत गेले. "अगं, ती मशीन हाय ना... ती तुझ्यासाठी... म्हंजे दगडासाठी..."

गोजरबाईंनी भोक पडलेली भाकरी त्यांच्याच ताटात वाढली. "बरं. येते ऐतवारी."

ऐतवारी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, भाकरी-ठेचा बांधून आल्या आणि काठावरच थांबल्या. त्यांच्या बसायच्या फळीवर बॅटरी बसली होती.

"मी कुठं बसू? हिच्या मांडीवर?"

बायकोला नावेत आणायला घेतलेल्या मशीननं बायकोचीच जागा खाल्ली होती. शेवटी बॅटरीवर पोतं टाकून गोजरबाई बसल्या. दगड पाण्यात गेला, भाकरी सुटली, मामा वरातीत हरवला, संतरामांनी "मंग काय झालं?" विचारलं. सगळं पहिल्यासारखं झालं, आणि संतरामांचं मन भरून आलं.

"आता बघ गंमत," म्हणत ते उठले आणि त्यांनी मशीनचं पायबटण दाबलं. घर्रर्र! दोरी गुंडाळू लागली आणि मधेच ताठ झाली. खाली बुडालेल्या बाभळीच्या खोडात दगड अडकला होता. साधी मशीन असती तर थकून थांबली असती. ही भरवशाची होती. दगड वर येईना, म्हणून ती नावेलाच खाली नेऊ लागली. टोक वाकलं, पाणी आत आलं.

"बंद हो! बंद हो!" संतराम ओरडले.

"अवं, पाय काढा! बटणावर उभे राहिलात तुमी!"

गोजरबाईंनी त्यांचं धोतर धरून मागं ओढलं. संतराम ठेच्यात बसले. मशीन थांबली.

दोघं चिंब झाले होते. गोजरबाईंनी मशीनची खिट्टी काढून दोरी सैल केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "धरा. ढील द्या. आता उजवीकून झटका... आता वढा."

दगड सुटला. संतरामांनी तो हातांनी वर ओढला आणि धापा टाकत म्हणाले, "लई जड हाय की गं!"

"तीस वरसं जडच व्हता," गोजरबाई म्हणाल्या. "माझा खांदा दुखला तर तुमी औंढ्याला गेलात. तुमचे खांदे कुठं गेल्ते?"

संतराम गळ गुंडाळू लागले. गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "आता मीच वढीन. तू निस्ती बस."

आता बॅटरीवर शिवकन्याचा टीव्ही लाईट गेल्यावरही चालतो. मशीन अडगळीत, जात्याच्या खालच्या तळीशेजारी पडून आहे. ऐतवारी गोजरबाई आपल्या फळीवर बसतात, निघताना नवऱ्याच्या पाठीत बोट टेकवून "वर!" म्हणतात, आणि दगड वर येतो.

परवा शेजारच्या जमनाबाई मुद्दाम आल्या. "गोजरबाई, दगड वढायची लई भरवशाची मशीन घेतली म्हनं. दाखव की."

"ती काय, ओट्यावर बसली हाय," गोजरबाईंनी संतरामांकडं बोट केलं. "बॅटरी लागत न्हाई. चहा तेवढा दोनदा लागतो."