न झोंबणारा साबण

मेश्रामभाऊंच्या घरी कशालाही जा, आधी हात धुवावे लागतात. फाटकाजवळ नळ आहे, नळापाशी सिमेंटचा ओटा, आणि ओट्यावर साबणाच्या पाच-सहा वड्या. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याचीही सुटका नाही. मत मागायला आलेल्या उमेदवाराने हात जोडले, तर भाऊ त्याला म्हणाले, "ते राहू द्या. आधी धुवा. चरचरले का मऊ लागले, ते सांगा."

तो बिचारा धुऊन म्हणाला, "मऊ."

"कोरडे करून सांगा. ओले हात सगळ्यायचेच मऊ लागते."

सिंदी मेघे गावात आमची घरं एका भिंतीची आहेत. त्यामुळे ह्या माणसाचं जे काही बिघडतं ते आधी माझ्या अंगणात येतं. भाऊ एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर माणसं विहारात जाऊन बसतात, नाही तर चौकात बसून राजकारण करतात. ह्यांनी साबण सुरू केला.

कारण साधं होतं. त्यांच्या बायकोला, प्रमिलाला, दोन वर्षांपासून काही आठवत नाही. पोटच्या मुलीला ओळखत नाही, मला ओळखत नाही. तेही चाललं असतं, पण ती आंघोळ करू देईना. भाऊ पाणी घालायला गेले की ओरडायची, बोचकारायची. एकदा तांब्या फेकून मारला. त्या ओरडण्यात एकच शब्द कळायचा, "झोंबते!" भाऊंनी तो शब्द धरून ठेवला. बाजारचा साबण झोंबतो, तर न झोंबणारा आपण करू, म्हणजे प्रमिला आंघोळ करू देईल. आठ-आठ दिवस बाई तशीच राहायची. खाजवून पाठीवर ओरखडे पडले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, असंच राहिलं तर जखमा होतील.

मी म्हटलं, "एखादी बाई लावा."

"मी जिता असताना तिच्या अंगाले दुसरं कोनी काऊन हात लावन, ताई?"



मोबाइलवर पाहून पाहून ते शिकले. खोबरेल, सरकीचं तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटायचं. हा घोटा पिठल्यासारखा दाटला की त्यात मध, पाला, फुलं, काय हवं ते घालायचं. पहिल्या वेळी त्यांनी गरम घोट्यातच वाटीभर मध ओतला. मधाने साबण आणखी तापतो, हे त्यांना कोण सांगणार? सगळं पातेलं उतू गेलं आणि पायऱ्या उतरून माझ्या दारात आलं.

"ताई, उभ्या राहू नका, पोळन!" भाऊ ओरडत होते.

"मी काय तुमच्या साबणाची वाट पाहत उभी आहे काय?"

त्यानंतर अक्कल आली. चमचाभर मध, तोही कोमट पाण्यात कालवून, घोटा निवल्यावर.

फुलांचंही तसंच. पळसाची फुलं टाकली की साबण केशरी होईल, असं त्यांच्या मनात होतं. कॉस्टिकने फुलं मारून टाकली आणि वड्या काळपट तपकिरी झाल्या.

"निसर्गाचा रंग हाय, ताई."

"निसर्गाचा नाही, म्हशीचा आहे."

कडुनिंबाचा पाला टाकला, तर आंघोळ करून भाऊ बाहेर आले ते झाडाखाली झोपून उठल्यासारखे. अंगभर पाला. संत्र्याची साल वाळवून, कुटून घातली, ती चरचरायची. त्या वडीने माझी करपलेली कढई लख्ख निघाली. मी ते कौतुकाने सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वड्या खाटेखाली संत्र्याच्या खोक्यात दीड महिना वाळायच्या. दीड महिना भाऊ खुशीत असायचे. मग एका सकाळी भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू यायचं, तांब्या पडल्याचा आवाज यायचा, आणि त्या वड्या फाटकाशी ओट्यावर येऊन पडायच्या. पाहुण्यांसाठी.

ह्या वर्षी मात्र त्यांनी फुलं-पाला सगळं सोडलं. नुसतं तेल आणि थोडा मध. वडी खरंच चांगली झाली. माझ्या फुटलेल्या टाचांनाही झोंबली नाही. मी तसं सांगितलं आणि भाऊ नवा टॉवेल घेऊन आत गेले.

थोड्या वेळाने बाहेर आले. शर्ट ओला, गालावर नखाची रेघ. पायरीवर बसले.

"मध आनखी वाढवू का, ताई?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "साबणात काही कमी नाही, भाऊ. तुम्ही कोण, हे तिला माहीत नाही. रोज एक परका माणूस येतो आणि तिचं लुगडं सोडतो. मी असते तर मीही तांब्या मारला असता."

त्यांनी हातातली वडी टॉवेलाला पुसली.

"मी परका हाय?"

"तिच्यासाठी आहात."

त्यांनी वडी माझ्या हातात दिली. "मंग तुम्ही घाला. मी पानी तापवतो."

प्रमिला पाटावर बसली होती, लुगडं दोन्ही मुठीत घट्ट धरून. मी दार लोटलं आणि म्हटलं, "मी शेजारची बाई आहे. पाठ चोळून देते." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मुठी सोडल्या. पाठ माझ्याकडे केली. मी साबण लावला.

"झोंबते का?"

"नाई. काऊन झोंबन?"

मी चोळत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "तो म्हातारा गेला काय वो?"

"कोण?"

"रोज येते तो. मानूस वाईट नाई दिसत. पन त्याले सांगा, माह्ये मालक मुक्कामाच्या एसटीवर गेले. सकाळी येतीन. असं कोनाच्या घरात येऊ नये."

दाराबाहेर भाऊ गरम पाण्याची बादली घेऊन उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं, हे मला कळत होतं. मग दार चार बोटं उघडलं आणि बादली आत सरकली. त्यांचा हात तेवढा दिसला.

"बरोबर हाय, बाई," ते बाहेरून म्हणाले. "ते आले का मी जातो. तवर पानी तेवढं देऊन राह्यलो."