काळटोप्या पेट्रेल कैद केल्याची हकीकत

पक्षीमंडळाची आज्ञा जाहली की, खोल दर्यावर काळटोप्या पेट्रेल नामे समुद्रपक्षी कैसा दिसला, कोणी पाहिला, आणि हा विजय कोणाच्या पोटातून निघाला, हे साद्यंत लिहून काढावे. त्यावरून जे घडले तेच लिहितो; तिखटमीठ वाचणाराने आपल्या पदरचे लावावे.

चष्म्याच्या दुकानाचे धनी, दुर्बीणबहाद्दर राजश्री चष्मेवाले हे मंडळाचे जुने सरदार. गेल्या साली त्यांनी दर्यात पांढरा दुर्मिळ पक्षी पाहिल्याचा डंका पिटला, आणि पक्षी तासभर जागचा हलेना तेव्हा तो विश्रांती घेत आहे ऐसा खुलासा केला, आणि मग बोट जवळ नेता तो थर्मोकोल निघाला. जगास चष्मे विकणाराची ही गत, तेणेंकरून अब्रूची खांडोळी उडाली. मंडळाचे सचिव म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे, दंतवैद्य राजश्री दाढउपटे. त्यांनी नोंद तर रद्द केलीच, आणि वर सभेत सर्वांस काचेच्या पेल्यातून व आपल्या दाजींस थर्मोकोलच्या पेल्यातून चहा पाजला.

घरी बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, पुन्हा माझ्या भावापुढे हसे झाले तर दुर्बीण माळ्यावर जाईल. त्या माळ्यावर पूर्वी गिटार गेली होती, व्यायामाची सायकल गेली होती. त्यांपैकी कोणीही जिवंत माघारी आले नव्हते.

ऐशात बोटीच्या तांडेलाने फोनवर खबर दिली की, खोल पाण्यात काळी टोपी घातलेले, नाकावर नळी असलेले पाखरू भिरभिरते आहे. या किनाऱ्यावर त्याची नोंद आजवर नव्हती. मंडळाचा कायदा सख्त: नाकाची नळी आणि पंखाखालचा काळा पट्टा दोन्ही फोटोत यावे, सचिवाने पक्षी जातीने पाहावा, आणि नोंदीत एक अक्षर खोटे निघाल्यास सारी नोंद बाद. थर्मोकोल प्रकरणानंतर हा कायदा दाढउपट्यांनीच केला होता.

ही पाखरे वासावर येतात. म्हणोन चष्मेवाल्यांनी माशांची आतडी तेलात कालवून बादलीभर दारूगोळा सिद्ध केला आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेविला. आणि मग मोहीम निघाली, आणि भर दर्यात झाकण उघडिले, तो बादली रिकामी, लखलखीत, वर फिनेलचा सुगंध. बाईसाहेबांनी वासास कंटाळून दारूगोळा नष्ट केला होता, आणि बादली घासून, झाकण लावून, जागच्या जागी ठेविली होती.

कायद्याप्रमाणे साक्षीस आलेले दाढउपटे बोटीच्या काठाशी उभ्याने तेलातल्या मासळीचे डबे फस्त करीत होते. तांडेल म्हणाला, "साहेब, उलटीची गोळी घ्या. दर्या उठलाय."

"उलटी पेशंटला होते, डॉक्टरला नाही," दाढउपटे म्हणाले, आणि दुसरा डबा फोडला. "काय दाजी, आज थर्मोकोल कुठल्या बाजूनं उगवणार?"

तेव्हा लाट आली, आणि मग तिची थोरली बहीण आली, आणि दाढउपट्यांचा मुखचंद्र आधी पांढरा, मग हिरवा, मग कोणत्याही रंगपेटीत नसलेला जाहला, आणि त्यांनी कठड्यास मिठी मारून पहिला डबा दर्यास नजर केला. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला. थोडक्याच अवकाशात क्षितिजावर एक काळा ठिपका उठला, वारा कापीत आला, आणि सचिवांच्या नाश्त्यावर उतरला.

काळी टोपी. नाकावर नळी. चष्मेवाल्यांनी एका हाती मेहुण्यांची कॉलर धरिली, दुसऱ्या हाती कॅमेरा चालविला. परंतु पाखरू पाण्यावर बसलेले, पंख मिटलेले, पट्टा दिसेना. आणि तवंग वाहून जाताच ते उडून दूर जाऊ लागले.

"मेहुणे, अजून थोडं."

"दाजी, मी मरतोय."

"मरा, पण डोळे उघडे ठेवून. साक्ष तुमचीच पाहिजे."

तांडेल सुकाणूवरून बोलला, "दुसरा डबा शिल्लक आहे ना आत?"

या शब्दासरशी दुसरा डबाही कामी आला. पाखरू गर्रकन वळले, पंख उभा केला, आणि काळा पट्टा फोटोत कैद जाहला. दाढउपट्यांनी ते हातभर अंतरावरून पाहिले. पाखरानेही त्यांस पाहिले, आणि आभारी दिसले.

पुढे सभा भरली. नोंदीत "पक्षी कशावर आला" या रकान्यात सचिवांनी "मासळीच्या तेलावर" ऐसे मोघम लिहिले. चष्मेवाले उठून म्हणाले, "एक अक्षर खोटं तर नोंद बाद, मेहुणे. कायदा तुमचा."

सचिवांनी दोन घोट पाणी घेतले, लिहिलेले खोडिले, आणि स्वहस्ते लिहिले: "सचिवांच्या ओकारीवर." नोंद एकमताने मंजूर जाहली. मग चहा आला. थर्मोकोलचा पेला कोणापुढे ठेविला गेला, हे लिहिणे अदबीस धरून नाही.

दुर्बीण खुंटीवर राहिली. माळ्यावर बादली गेली. बाईसाहेब म्हणाल्या, "दादा असताना बादली कशाला?"

येणेप्रमाणे काळटोप्या पेट्रेल, नग एक, दफ्तरी दाखल. साक्ष तांडेलाची, जो अद्याप हसतो आहे.