आधीचा भाग मागाहून

उचगावात सदा कांबळेच्या व्हिडिओ लायब्ररीतून गिऱ्हाईक पुष्कळदा रिकाम्या हातानं परत यायचं. माल असायचा, पण दुकानदार द्यायला तयार नसायचा.

भानगड होती एका इंग्रजी अंतराळपटाची. तीन सिनेमे, यानं, ग्रह आणि चुलतभावांचं वैर. सदा त्याला 'आभाळातली भाऊबंदकी' म्हणे. पुढे कॅसेटी जाऊन सीडी आल्या आणि त्याच गोष्टीच्या आधीची हकिकत सांगणारी टीव्ही मालिका निघाली. सिनेमात म्हातारा होऊन मेलेला लंगडा कप्तान तिच्यात तरणाबांड होऊन आला. पण तिन्ही सिनेमे न पाहिलेल्याला सदा ती मालिका देत नसे.

"आधी जीव लागू दे, मूळ मागनं!" हे त्याचं ब्रीद.

"अण्णा, आधी घडलं ते आधी बघावं की," म्हणून एकानं वाद घातला.

"दोस्ती करताना आधी गड्याच्या आज्ज्याचं नाव इचारतोस व्हय?"

दुसऱ्यानं शंका काढली, "सिनेमात लंगडतोय, मालिकेत पळतोय. हे बसतंय कसं?"

"लंगडायचा हाय अजून. दम काढ की!"

मी त्याचा शेजारी, शाळामास्तर. दुसऱ्या सिनेमाला मी घोरत होतो, ही चुगली त्याच्या मित्रा नावाच्या मुलीनं केली, आणि पुढची आठ वर्षं मला मालिका मिळाली नाही. राग यायचा. मास्तर मी, आणि परीक्षा हा घेणार!

मित्रा सदाची दत्तक मुलगी. दीड वर्षाची असताना सदा आणि सुजातावहिनींनी तिला संस्थेतून आणलं, तेव्हा रिक्षात मीही होतो. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त मित्राला नव्हतं. एरवी ज्या गल्लीच्या पोटात काही राहत नाही, तिनं एवढं मात्र राखलं.

"सांगून टाका एकदा," वहिनी म्हणायच्या.

"आधी जीव लागू दे की."

"चौदा वर्सं झाली. अजून लागला न्हाय व्हय?"

यावर तो सीड्या पुसत बसायचा. मूळ कळलं की पोरगी परकी होईल, ही त्याची भीती. हा माणूस गिऱ्हाइकांवर का ओरडतो, ते मला तेव्हा उमगलं आणि माझा राग गेला.

मित्राच्या दहावीच्या निकालादिवशी संध्याकाळी त्यानं मला बोलावून घेतलं. "गुरुजी, नुसतं बसा." पेढ्यांचा पुडा तसाच होता. सदानं सगळं सांगितलं. संस्था कुठली, वार कुठला, तिच्या अंगावर फ्रॉक कुठला. एकदाही त्यानं मान वर केली नाही.

मित्रा पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडू लागली. मग म्हणाली, "त्याच्या आदीचं काय ठाव हाय?"

"काय न्हाय, पोरी. हुडकायचं असंल तर मी येतो संगं."

"त्या भागात तुमी हायसा का, पप्पा?"

"न्हाय की गं."

"मग ऱ्हाऊ दे सध्या," म्हणत तिनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. वहिनींना रडू फुटलं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही.

दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना सदानं हाक मारली आणि मालिकेची सीडी माझ्या हातात ठेवली.

"अरे, माझा दुसरा सिनेमा राहिलाय अजून."

"कुठनं बी सुरू करा, गुरुजी," तो म्हणाला.