तात्यांचं संस्थानी पोट

आमच्या शेजारचे तात्या जव्हारहून मोखाड्याला नोकरीसाठी चालत जायचे. होय, चालत! सोमवारी पहाटे निघायचे, आठवडाभर तिथेच राहायचे आणि शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटली की वळणं तुडवत परत. कंजूषपणा नव्हे हो. मोटारीत बसलं की पहिल्याच वळणाला त्यांच्या पोटात ढवळायचं. आधी ते जव्हारच्या राजांच्या दरबारात कारकून, कचेरी घरापासून हाकेवर. संस्थान गेलं आणि बदली म्हणजे काय ते कळलं. कुणी हसलं की म्हणायचे, “संस्थान विलीन झालं, माझं पोट नाही झालं!”

अशा माणसाची आईवेगळी, एकुलती एक लेक कुसुम. ती समुद्रशास्त्र शिकायला पार आंध्रातल्या विद्यापीठात गेली. गावाला विषयच मिळाला.

“तात्या, उन्हाळ्यात आपली विहीर तळ दाखवते, आणि तुमची पोर समुद्र शिकणार?”

तात्या मिशीवरून हात फिरवायचे. “विहिरीत काय, कुणीही वाकून बघेल. समुद्राच्या पोटात काय आहे ते आमची कुसुम सांगणार!”

बाजारात नागली विकणाऱ्या बाईलाही त्यांनी भरती-ओहोटी समजावली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “दादा, नागली घ्यायची हाय का नाय?”

दिवाळीत कुसुम आली ती तोंड उतरवूनच. दर शनिवारी त्यांच्या वर्गाची बोट समुद्रात जायची. दोराला बाटल्या बांधून खोल पाण्यात सोडायच्या, वर ओढायच्या, पाणी तपासायचं. आणि हिला बोट हलली की उलट्या.

“तात्या, तुमचंच पोट घेतलंय मी. परत जायची नाही.”

तात्या त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी बघते तर त्यांच्या ओटीवर झोपाळा टांगलेला! वर कुसुम, हातात बाटली आणि नरसाळं. “भर. थेंब सांडता कामा नये,” म्हणत तात्या झोपाळ्याला असे वेडेवाकडे हिसके देत होते, की कड्या कुरकुरायला लागल्या.

कुसुम चिडली. “स्वतः बसून बघा, म्हणजे कळेल!”

बसले की! झोके द्यायला मला बोलावलं. “वसू, हात काय दुखतात का? दे जोरात!” आणि लगेच हिरवेपिवळे होऊन परसात धाव. चूळ भरून, लिंबू चोखत पुन्हा झोपाळ्यावर लेकीशेजारी हजर. “मी आडवा झालो तरी माझ्याकडे बघायचं नाही. तू बाटलीकडे बघ!”

ओटीसमोर ही गर्दी! “तात्या, बोट कुठवर आली?” “तात्या, आम्हाला मासळी आणा हो!”

सुट्टी संपत आली तेव्हा बाप मान टाकून बसलेला, आणि लेकीनं हलत्या झोपाळ्यावर बाटली काठोकाठ भरली. थेंब सांडला नाही. चिडवणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. कुसुम परत गेली आणि पदवी घेऊनच आली. आमच्या डोंगरातली पोर! त्या बोटीला धक्के मी दिलेत, हे मी आजही मान वर करून सांगते.

पण त्या दिवाळीनंतर ती परत गेली, त्यानंतरचा पहिला शनिवार मी विसरत नाही. मोखाड्याहून चालून आलेले तात्या एकटेच झोपाळ्यावर बसले होते. डोळे मिटलेले, कडी घट्ट धरलेली, पायानं स्वतःच झोका घेत होते. चेहरा पांढराफटक.

“अहो तात्या, उतरा ना आता! ती गेली की.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“तिची बोट पाण्यात असेल गं आत्ता. ती उतरली की उतरतो.”