बदकाचं पान

एनिडच्या हातात दहा पानं होती. पाच हिंदू, पाच ख्रिस्ती. कुठली कुठली, ते मात्र तिला सांगता येत नव्हतं.

सुखी ट्रेस नावाच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं छपाईचं लहानसं दुकान होतं. रविवारी दुपारी तीनच्या सुमारास तिने तिथे दोन भाषणं मोठ्या अक्षरांत छापून काढली आणि शेवटचं पान बाहेर पडतंय तोच वीज गेली. पंखा थांबला. उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून तिने मागचं दार उघडलं. वारा आत आला आणि टेबलावरचे दोन्ही गठ्ठे घेऊन दुकानभर फिरला. एक पान तर कोंबड्यांच्या खुराड्याशी सापडलं. पानांवर आकडे होते, नावं नव्हती. भाषणं ज्यातून छापली तो संगणक आता वीज येईपर्यंत मुका होता, आणि कार्यक्रम चार वाजता होता.

भाषणं दुसऱ्या कोणाची असती तर एनिडने सरळ फोन करून विचारलं असतं. पण एक होतं पंडित हरिलोचन यांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या काकांचं. आणि दुसरं होतं रेव्हरंड साइलस गोबिन यांचं, म्हणजे तिच्या सख्ख्या मामांचं. दोघेही याच ट्रेसमध्ये वाढले, शाळेत एका बाकावर बसले, आणि गेली चौपन्न वर्षं एकमेकांशी ‘ऊन फार आहे’ यापलीकडे बोलले नव्हते. का, ते कोणी विचारलं नाही. एक पंडित, एक पाद्री, आणखी कारण कशाला हवं, असं सगळं गाव धरून चाललं होतं. आता पुढच्या महिन्यात एनिडच्या मुलीचं, रोनाचं, लग्न होतं आणि दोघांनीही वेगवेगळ्या दिवशी, पण अगदी त्याच शब्दांत तिला सांगितलं होतं, “तो मांडवात असला तर मी नाही.”

म्हणून तिने शाळेच्या हेडमिस्ट्रेस मिसेस दूखी यांना गळ घालून हा कार्यक्रम घडवून आणला होता. विषय : ‘हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म – सत्य एकच का?’ दोघे एका व्यासपीठावर बसले की पुढचं पुढे बघू, असा तिचा हिशेब. दोघांनी एकच अट घातली होती. “माझं भाषण आधी त्याच्या नजरेला पडता कामा नये. शपथ घे.” एनिडने एकदा गीतेवर आणि एकदा बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. आता पानं सरमिसळ झाली म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

“त्यात काय एवढं?” तिचा नवरा बॉयसी म्हणाला. तो दारात बसून आंबा चोखत होता. “ज्यात गीता आहे ते काकांचं, ज्यात बायबल आहे ते मामांचं.”

“दोन्हींत दोन्ही आहे.”

“म्हणजे?”

“काकांनी ख्रिस्ती मंडळींना बरं वाटावं म्हणून बायबल घातलंय. मामांनी हिंदूंना बरं वाटावं म्हणून गीता घातलीय. बहुतेक. किंवा उलटं. मेंढरू आहे, कमळ आहे, दिवा तर चार ठिकाणी आहे. मला काही कळेना झालंय, बॉयसी!”

पहिली पानं तेवढी ओळखू आली. एकावर ‘सीताराम’ होतं, दुसऱ्यावर ‘प्रभू येशूच्या नावाने’. शेवटची पानंही सुटली, ‘ओम शांती’ आणि ‘आमेन’. दुसरं आणि चौथं पान तिने देवाचं नाव घेऊन वाटून टाकलं. कुठल्या देवाचं, तेही तिने फारसं पाहिलं नाही. राहिली दोन तिसरी पानं. एकात सूर्य आणि पाण्याने भरलेली मडकी होती, सूर्य एकच पण प्रत्येक मडक्यात वेगळा दिसतो वगैरे. हे कोणीही म्हणालं तरी खपलं असतं. दुसरं पान मात्र तिने वाचायला घेतलं आणि ती खुर्चीत सावरून बसली.

“‘बारा वर्षांचा असताना मी शेजारणीचं बदक चोरलं.’”

बॉयसीच्या हातातली कोय खाली पडली. “कोणी?”

“नाव कुठंय?”

“पुढे वाच की!”

“नको.” एनिडने पान छातीशी धरलं. “कबुली आहे ही. देवाला सांगितलेलं आपण चोरून वाचू नये.”

“बरं. पण चोर कोण? काका तर मांस खात नाहीत.”

“बाराव्या वर्षी काका काय पंडित होते? आणि मामा बाराव्या वर्षी पाद्री होते का?”

“मग जा आणि विचार. आडून विचार.”

हे एनिडलाही पटलं. दोन्ही तिसरी पानं पर्समध्ये आणि बाकीची दोन पाकिटांत घालून ती शाळेत पोचली तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. लाकडी बाकांवर गाव दाटीवाटीने बसलं होतं. डावीकडे देवळाची मंडळी, उजवीकडे चर्चची, आणि मधल्या वाटेत, कुठे बसावं ते न ठरल्याने, दोन्हीकडे जाणारी माणसं ताटकळत उभी. काका व्हरांड्यात धोतराचा काठ झटकत होते.

“काका,” ती जवळ जाऊन म्हणाली, “सहज विचारते हं. लहानपणी तुमचं... बदकाचं काही झालं होतं का?”

पंडितजींचा चेहरा मिरचीसारखा झाला. “बदकाचं नाव कोणी काढलं? हं? चौपन्न वर्षं झाली, अजून त्या बदकाचा मार माझ्या पाठीवर आहे! पेरूची ओली छडी होती, पोरी, ओली! आणि तुला सांगतो—”

“पंडितजी, या, या, वेळ झाली,” असं म्हणत मिसेस दूखी त्यांना आत घेऊन गेल्या.

एनिडला हायसं वाटलं. मार ज्याला बसला तोच चोर, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तरी तिने खात्री करून घ्यायची म्हणून मामांना गाठलं. रेव्हरंड गोबिन पाण्याच्या पिंपापाशी एकटेच उभे राहून घोट घोट पाणी पीत होते.

“मामा, तुमच्या भाषणात बदक नाही ना?”

मामांना जोराचा ठसका लागला. ते पांढरेफटक पडले. “बदक? छे! कुठलं बदक? मी कशाला बदक घालीन?” मग हात पुढे करून म्हणाले, “माझं पाकीट आण इकडे.”

इतकं ठाम उत्तर मिळाल्यावर आणखी काय हवं? तिने बदक काकांच्या पाकिटात घातलं, मडकी मामांच्या पाकिटात घातली आणि दोन्ही पाकिटं पोचती करून ती दुसऱ्या रांगेत बॉयसीशेजारी येऊन बसली.

“मिटलं,” ती म्हणाली.

पहिल्या रांगेत फुलबासी मावशी होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, गावातल्या सगळ्यांत थोरल्या, म्हणून दिवा लावायचा मान त्यांना दिला होता. दिवा लावून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. झोपल्या की ऐकतायत, ते कोणाला कधी कळत नसे.

पंडितजी आधी उठले. पहिलं पान त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. दुसऱ्या पानावर दोनदा अडखळले, चष्मा पुसला, पण मेंढराला त्यांनी सुखरूप पार नेलं. मग तिसरं पान वर आलं.

“बारा वर्षांचा असताना,” त्यांनी वाचलं, “मी शेजारणीचं बदक चोरलं.”

ते थांबले. सभेत कोणीतरी खोकलं. पंडितजींनी पान उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. पण आयुष्यभर कथा सांगणारा माणूस तो, सुरू केलेली कथा अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. ते सावकाश, एकेक शब्द पारखत पुढे वाचू लागले.

“बदक घेऊन मी उसात लपलो. माझा मित्र रस्त्याच्या मोरीवर बसून पतंग दुरुस्त करत होता. चोरीशी त्याचा काही संबंध नव्हता. शेजारणीने त्याला धरलं आणि मारलं. तो माझं नाव घेऊ शकला असता, कारण मी पळताना त्याने मला पाहिलं होतं. त्याने घेतलं नाही. मी उसातून बाहेर आलो नाही. पुढे मी हजारो लोकांना क्षमेबद्दल सांगितलं, पण त्या एका माणसाकडे मी कधी क्षमा मागितली नाही.”

पंडितजींनी चष्मा काढला.

“ही कुठल्या पुराणातली?” डावीकडून कोणीतरी हळूच विचारलं.

“पुराणातली कसली! पंडितजी स्वतःचं सांगतायत.”

“पंडितजींनी बदक चोरलं?”

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. उजवीकडच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. एवढा मोठा माणूस, आणि भर सभेत चोरीची कबुली! इतक्यात रेव्हरंड गोबिन ताडकन उठले. त्यांची खुर्ची मागे पडली.

“थांबा! ते पान माझं आहे! बदक मी चोरलं!”

टाळ्या थांबल्या. डावीकडे मागच्या बाकावरचा रामधनी ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिला. “बघा, बघा! आमची माणसं नेली, आमची पोरं शाळेच्या नावाने नेली, आता आमची चोरीपण नेतायत!”

“तुमची कसली?” उजवीकडून चर्चची ऑर्गन वाजवणारी बाई गरजली. “उभं राहून पापाची कबुली द्यायची ही आमची रीत आहे! ती तुमच्या पंडितांनी उचलली!”

“बदक हिंदूचं होतं!”

“म्हणून चोर हिंदू होतो काय?”

“अहो, ऐका!” रेव्हरंड हातवारे करत ओरडले. “मी खरंच चोरलं! भाजून खाल्लं! मीठ नव्हतं!”

“रेव्हरंडांचं मन किती मोठं,” एनिडच्या मागची बाई कौतुकाने म्हणाली, “मित्राला वाचवायला खोटं बोलतायत.”

आपण काय करून बसलो ते आता एनिडच्या लक्षात आलं. चौपन्न वर्षांपूर्वी काकांनी मामांच्या बदकासाठी मार खाल्ला होता, आणि आज तिच्या कृपेने त्याच बदकाचे ते सगळ्या गावासमोर चोर ठरले होते. ती उभी राहिली. “माझी चूक आहे! वीज गेली, मी मागचं दार उघडलं, पानं—”

“बस खाली, एनिड,” पुढून कोणीतरी म्हणालं. “धर्माचं चाललंय. विजेचं नंतर सांग.”

मिसेस दूखींनी टेबलावर घंटा आपटली. “पंडितजी, तुम्हीच सांगा आता. बदक कोणी चोरलं?”

पंडितजींनी रेव्हरंडांकडे पाहिलं. रेव्हरंडांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. एका शब्दाने पंडितजींची पाठ मोकळी झाली असती.

“मी चोरलं,” पंडितजी म्हणाले.

“अरे, हरी, नाही रे!” रेव्हरंड कळवळून म्हणाले.

“गप बस, साइलस. कागदावर लिहिलंय.”

आता कोणाला काहीच समजेना. एक बदक, दोन चोर, आणि दोघेही हक्क सोडायला तयार नाहीत. बॉयसीने एनिडच्या कानाशी लागून विचारलं, “मग सत्य एकच की दोन?” तिने त्याला कोपराने ढोसलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. फुलबासी मावशींनी डोळे उघडले होते.

“काय रे हा गोंधळ? बदक माझं होतं, मला विचारा की.”

“मावशी,” मिसेस दूखी खाली वाकून म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक आहे कोणी चोरलं ते?”

“न ठाऊक असायला काय झालं? डोळ्यांदेखत नेलं. हा साइलस. बदक काखेत, चड्डी सुटलेली, असा पळत होता उसाकडे.”

“मग तुम्ही हरिलोचनना का मारलंत?”

“सातवा महिना होता माझा,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “त्याच्या मागे पळणार कशी? हा जवळ होता.”

मग रामधनी हसला, ऑर्गनवाली हसली, आणि बघता बघता दोन्हीकडचे बाक हसून हलायला लागले. मिसेस दूखींनी इतिवृत्ताची वही उघडली, लेखणी टेकवली, बराच वेळ विचार केला आणि वही बंद केली.

रेव्हरंडांचं भाषण झालंच नाही. सगळे जेवायला उठले. अंगणात जेवायला सोहारीची, केळीसारखी रुंद पानं मांडली होती. रोटी, भोपळा, चण्याची भाजी, कैरीचं लोणचं. एनिड भोपळ्याचं पातेलं घेऊन वाढत निघाली आणि शेवटच्या बाकाशी येऊन थबकली. काका आणि मामा शेजारी शेजारी बसले होते. माफी कोणी मागितली असेल तर ती तिने ऐकली नाही. दोघे मोठमोठ्याने भांडत होते.

“नऊ,” पंडितजी म्हणत होते. “नऊ छड्या. पाठ माझी होती, मला माहीत.”

“अकरा,” रेव्हरंड म्हणाले.

“तुला काय कळतं? तू होतास कुठे?”

“उसात. बसून मोजत होतो, हरी. अकरा.”

पंडितजींचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत पानावर ठेवला. मग त्यांनी मान वर केली.

“एनिड, उभी काय राहिलीस? याला भोपळा वाढ. जास्त वाढ. याचं पान बघ, केव्हाचं रिकामं आहे.”