डाव्या बुटाची काळजी

काळजी करायला माणसाला कारण लागतं, असा एक गैरसमज आहे. ज्याची ही गोष्ट आहे त्या डिझायनरला ते कधीच लागलं नाही. ऊन पडलं की बुटाचा रंग उडेल म्हणून काळजी, ढग आले की सोल सुटेल म्हणून काळजी, आणि हवा अगदी छान असली की आता काय होणार म्हणून काळजी. तो बुटांच्या कारखान्यात नवे बूट काढायचं काम करत असे. (बायको शेजारणीला सांगे, "दिवसभर जोडे वाकवून बघतात, त्याचा पगार मिळतो.")

सध्या मात्र काळजीला खरोखरच कारण होतं. त्याने एक बूट तयार केला होता. विणलेल्या कापडाचा, बिननाडीचा, इतका मऊ की मुठीत चुरगाळला तरी सोडल्यावर पुन्हा आपला आकार धरायचा. उजवा बूट त्याने सहज केला होता. डाव्यासाठी मात्र त्याने जीव टाकला होता. बायको शाळेत शिकवायची, दिवसभर फळ्यापाशी उभी असायची, आणि संध्याकाळी तिची डावी टाच ठणकायची. त्या टाचेकडे बघून बघून त्याने डाव्या बुटाची कमान निराळी केली, गादी निराळी केली आणि साचा सतरा वेळा घासला. असा डावा बूट जगात झाला नसेल, असं त्याला मनातून वाटायचं. (लगेच, झाला असला तर, अशी काळजीही वाटायची.)

कारखान्याच्या मालकीणबाई बोलायला फार गोड होत्या, त्यामुळे सगळे त्यांना टरकून असत. त्या म्हणाल्या, "कोरा बूट काय, कुणीही छान दाखवेल. सोमवारी मला वापरलेला जोड दाखवा. आणि ज्याने वापरला तो माणूसही आणा. कारखान्यातला नको, तो माझ्या तोंडावर खरं बोलणार नाही."

"आणि पसंत नाही पडला तर?" त्याने विचारलं. दुसऱ्या कुणीही हा प्रश्न विचारला नसता.

"मग काय, शाळेच्या बुटांच्या खात्यात माणूस कमीच आहे," बाई हसून म्हणाल्या.

शाळेच्या बुटांच्या खात्यात त्याने उमेदीची वर्षं काढली होती. काळा, कडक, पट्ट्याचा बूट. त्यात डिझायनरला करण्यासारखं एकच काम होतं, पट्ट्याचं भोक किंचित अलीकडे घ्यायचं की पलीकडे हे ठरवणं, आणि तेही शेवटी खिडकीजवळ बसणारे साहेबच ठरवत. तिथून सुटताना त्याने कानाला खडा लावला होता.

आता आठ नंबरचा पाय शोधायचा होता, कारण नमुन्याचा बूट नेहमी आठ नंबरचाच होतो. त्याचा स्वतःचा पाय नऊचा. शेजारच्यांचा सहाचा.

"अप्पांचा आठचा आहे," बायको भाजी चिरता चिरता बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला पश्चात्ताप झाला.

अप्पा म्हणजे तिचे वडील. या दोघांकडेच राहत. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला तराजू त्यांनी सकाळी जप्त केला होता आणि संध्याकाळी त्याच मेहुण्याकडे जेवायला गेले होते. जावयाच्या घरातल्या एकाच वस्तूला त्यांनी आजवर बरं म्हटलं होतं, ती म्हणजे छताचा पंखा.

"अप्पा, एक मागायचं होतं," डिझायनर म्हणाला.

"पैसे?"

"नाही. पाय."

सगळं ऐकून घेतल्यावर अप्पा म्हणाले, "घालतो. पण जे वाटेल ते बोलेन. तुम्ही जावई आहात म्हणून गुंजभर सूट मिळणार नाही."

"तसंच हवंय," तो म्हणाला. त्याला तसं अजिबात नको होतं. पण दुसरा आठ नंबर कुठून आणणार? शनिवारी संध्याकाळी निघताना त्याने नमुन्याच्या खात्यातल्या फळीवरची दोन पुडकी घाईघाईने उचलली. वाटेत एकेक सोडून बूट वाकवून पाहिला, वास घेऊन पाहिला, सोलची शिवण पाहिली. दोन्ही उत्तम. घरी येऊन त्याने ते अप्पांच्या खुर्चीपाशी ठेवले.

रविवारी सकाळी अप्पा नवे बूट घालून फिरायला गेले. ते कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच फोन वाजला. नमुना खात्याचा फोरमन होता.

"साहेब, तुमचा डावा कारखान्यातच राहिला की."

"कोणता डावा?"

"डावा एकच आहे साहेब. ज्याच्यापायी तुम्ही आमचं डोकं खाल्लं तो. फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलाय."

"मग मी काल काय आणलं?"

"फळीवरचे दोन का? ते दोन्ही उजवे. एक बाईंना दाखवायला, आणि एक मधोमध कापून आतली गादी दाखवायला. तुम्हीच सांगितलं होतंत."

इथे कारखान्याची एक पद्धत सांगायला हवी. नमुना करायचा तो उजव्या पायाचाच. डावा म्हणजे काय, आरशातला उजवा. त्याच्यावर माल आणि मजुरी कोण वाया घालवणार? त्यामुळे आपल्या डिझायनरने उभ्या नोकरीत एकामागून एक उजवेच बूट पाहिले होते. बूट म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे उजवाच येई. दोन उजवे हातात आले तरी काही चुकल्यासारखं वाटायला दोघांना शेजारी ठेवून बघावं लागतं, आणि ही सवय नमुना खात्यात कुणालाच नव्हती. आयुष्यात पहिला डावा बूट केला, आणि नेमका तोच विसरून आला.

"कपाट उघडून आत्ता आणता येईल का?"

"रविवारी कारखान्याला कुलूप असतं साहेब. उद्या फाटकावरच देतो."

त्याने फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे चित्रंच दिसायला लागली. अप्पा पाय मुरगळून पडलेत. अप्पांच्या पायाला प्लास्टर. बायको दवाखान्यात बाकावर बसली आहे आणि त्याच्याशी बोलत नाही. बाई गोड हसतायत. त्याने हाताला लागले ते बूट पायांत अडकवले, कारखान्यातून सवलतीत घेतलेले, कोरे करकरीत, आणि धावत सुटला.

बागेच्या फाटकापाशी त्याला अप्पा दिसले. ते झपाझपा चालले होते. दोन्ही बुटांची टोकं डावीकडे वळलेली आणि अप्पा मात्र सरळ नाकासमोर. रोज ते एक फेरी मारून बाकावर बसत. आज बाक आलं, अप्पांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डिझायनर एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे जात, अंतर राखून मागे राहिला. त्याच्या डाव्या टाचेला काही तरी टोचायला लागलं होतं, पण आता स्वतःच्या टाचेकडे बघायला वेळ कुणाला होता.

"जावईबापू," अप्पा मागे न बघताच म्हणाले, "तुम्ही झाडांमागे काय करताय?"

"व्यायाम," तो म्हणाला, आणि एक हात वर केला.

"करा."

"अप्पा, डाव्या पायाला काही... म्हणजे काही वाटतंय का?"

अप्पा थांबले. त्यांची नजर तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधावं तशी झाली.

"का? काही वाटायला हवंय का?"

"छे छे."

"मग उजव्याचं का नाही विचारलंत?"

त्याने दुसराही हात वर केला. अप्पा दोन पावलं चालले, थांबले, आणि निकाल दिल्यासारखे बोलले, "उजवा ठीक आहे. डावा उत्तम आहे."

घरी आल्यावर त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"सांगून टाका त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू? ज्या माणसाने जन्मभर लोकांची मापातली पापं पकडली, त्याला सांगू की तुम्हाला स्वतःच्या पायातला डावा-उजवा कळला नाही?"

"मग उद्या सकाळी बदला."

"ते काढतील तर ना."

अप्पा काढत नव्हते. दुपारी ते पलंगावर आडवे झाले तेही बूट पायांत ठेवून. त्यांची मुलगी म्हणाली की असं तिने जन्मात पाहिलं नाही. कौतुकाने म्हणाली की काळजीने, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याने मात्र काळजीच धरली.

सोमवारी फोरमन फाटकावर उभा होता. खरा डावा त्याच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होता. ठरलं होतं ते सोपं होतं. बाईंच्या खोलीबाहेर अप्पांना खुर्चीवर बसवायचं, डाव्या पायातला बूट काढून घ्यायचा आणि दुसरा घालायचा.

"अप्पा, जरा डावा काढता? पुसून देतो."

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले. "तपासणीच्या आधी माल पुसायचा नसतो. मी असली दुकानं खूप पाहिली आहेत."

आणि ते दार लोटून आत गेले. डिझायनर मागोमाग, आणि काय करावं न सुचून फोरमनही, पिशवीसकट.

अप्पा खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. चवड्यावर उभे राहिले. खाली उकिडवे बसले, हात न टेकता उठले. "हा बूट पायाला विचारून चालतो," ते बाईंना म्हणाले. "मी यांचा सासरा आहे, तरी सांगतो, चांगला आहे. विशेषतः डावा."

हे ऐकून त्याला खरं तर रडूच यायला हवं होतं. त्याऐवजी त्याला घाम आला, कारण बाई टेबलावरून वाकून खाली बघत होत्या.

"हे दोन्ही एकाच पायाचे आहेत," बाई म्हणाल्या.

अप्पांनी आपल्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे कान लाल झाले, आणि डिझायनरने मनातल्या मनात शाळेच्या बुटांच्या खात्यातलं आपलं जुनं टेबल पुसून घेतलं.

"मला वाटलं, हल्लीची पद्धत असेल," अप्पा शेवटी म्हणाले. मग जावयाकडे वळून हळूच, "आधी सांगायचं होतंत."

"खरा डावा आहे का?" बाईंनी विचारलं.

फोरमनने पिशवीतून काढला. त्याला थोडा चटणीचा वास लागला होता. आणि तो बूट हातात आल्याबरोबर आपल्या डिझायनरला काय झालं कोण जाणे, तो भीती विसरून बोलायला लागला. कमान कशी वर उचलली आहे, टाचेखाली कसा खळगा ठेवला आहे, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी येताना लंगडावं लागू नये म्हणून साचा कसा पुन्हा पुन्हा घासला. फोरमन खिडकीबाहेर बघायला लागला. बाईसुद्धा हसायच्या थांबल्या.

अप्पांनी डावा बूट घातला. खिडकीपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले, या वेळी जरा जपून. मग जवळ येऊन त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी लग्नातही ठेवला नव्हता.

"जावईबापू," ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. हा चावतो."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग त्या नेहमीसारख्या गोड झाल्या.

"उजवा मंजूर. एकच साचा, दोन्ही पायांना तोच. मऊच इतका आहे की डाव्याची गरजच नाही. शाबास."

"आणि डावा?" त्याने विचारलं. (काही प्रश्न गिळता येतात, हे त्याला कधीच कळलं नाही.)

"तो शाळेच्या बुटांकडे पाठवा. तिथे चावलं तरी चालतं. आणि तो त्यांना समजावून द्यायला रोज दुपारी तुम्ही तिकडे बसत जा. खिडकीजवळचे साहेब सांगतील त्याला भोक कुठे पाडायचं ते."

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"तुझा नवरा पास झाला," अप्पा आत जाता जाता म्हणाले. "एका पायाने."

तो बाहेरच ओट्यावर बसला आणि त्याने आपले कोरे करकरीत बूट काढले. मोज्याला रक्त लागलं होतं. ती मलम घेऊन आली, त्याच्यापुढे खाली बसली, आणि फोड बघून तिने ओठ दाबला.

"किती दिवस असंच चालताय? कोणता बूट हा?"

"आमच्याच कारखान्याचा."

"आणि कोणता पाय?"

उत्तर तिच्या हातातच होतं. तिने डाव्या टाचेला मलम लावलं. आतून अप्पांचा आवाज आला, "मग त्या पायात उजवा घालून बघा."

ती हसली. तो हसला नाही. पण ती चहा ठेवायला आत गेल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, अप्पांनी दारापाशी काढून ठेवलेल्या जोडातला एक उजवा उचलला आणि हळूच डाव्या पायात घातला. एक नंबर लहान होता, पाय चुकीचा होता, वर टाचेवर फोड होता. तो उठला, अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. बूट कुठेही चावला नाही.