स्वल्प थांबा

माझ्या मुलीला, इराला, मी आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा पांडुरंगअण्णांनी तिला नाव विचारलं नाही. गळ्यातली मोजपट्टी काढली, "एक पाऊल टाक बघू" म्हणाले आणि उकिडवे बसून तिच्या दोन पायांमधलं अंतर मोजलं. मग कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं, बावीस इंच. नाव त्यानंतर विचारलं, तेही माप कुणाचं हे कळावं म्हणून.

अण्णांनी शहराच्या जुन्या बाजारात, चिकपेटेत चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि मराठी बोलताना ते मधूनमधून कन्नडमध्ये जाऊन येतात. मी पुण्याहून मारतहळ्ळीला येऊन आठ वर्षं झाली. सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस आपल्याला 'अक्का' म्हणतो याचा मला आधी राग यायचा. पुढे रागवायला याहून मोठी कारणं मिळाली.

शिबिर शहराबाहेर, येलहंक्याच्या पुढे, मंडळाच्या एका सभासदाच्या शेतावर भरतं. तीन दिवस, वीसेक मुलं, एक तळं, भरपूर झाडं आणि मागे एक भलामोठा खडक. सुरक्षेचं काम अण्णांकडे कुणी दिलं हे मंडळात कुणालाच आठवत नाही. पण आहे ते त्यांच्याकडेच, आणि ते काम ते दोन शब्दांत करतात: "स्वल्प थांबा." स्वल्प म्हणजे थोडं. अण्णांचं थोडं कधी संपत नाही एवढंच.

पोरं तळ्याकडे निघाली की स्वल्प थांबा. मग अण्णा धोतर खोचून आधी स्वतः पाण्यात उतरणार, काठीला मोजपट्टी लावून खोली मोजणार, आणि पोरांना घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं करणार. शेकोटी पेटली की पोरं नऊ फुटांवर. बटाटे अण्णा भाजणार, पोरं लांबून बघणार. झाडावर चढायला परवानगी होती, पण फांदी पोराच्या डोक्याच्या वर असता कामा नये. या नियमात बसणारं झाड अख्ख्या शेतात एकच निघालं, लिंबाचं. त्याला काटे म्हणून तेही बाद झालं.

गंमत म्हणजे दुकानात हा माणूस अगदी उलटा होता म्हणे. शाळेचा गणवेश शिवताना आत चांगलं तीन बोटं कापड दुमडून ठेवायचा. "वाढत्या अंगाचं शिवायचं, अक्का. पोर वाढतं, कपडा मागे राहून कसं चालेल?" हे मला त्यांनीच सांगितलं होतं, इराला लिंबाच्या झाडावरून खाली उतरवता उतरवता.

या वर्षी मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. मोठी सहा मुलं दुसऱ्या कुठल्याशा शिबिरात गेली, जिथं तारेला लटकून दरी पार करतात. उरलेल्यांतही चुळबुळ सुरू झाली. इरा दहा वर्षांची, सगळ्यांत बुटकी. तिनं मला सरळ सांगितलं, खडक चढायला मिळणार असेल तरच येईन. मी कॉलेजात असताना अर्धा सह्याद्री पालथा घातलेली बाई. मी तिला शब्द देऊन टाकला.

मग मंडळाची बैठक माझ्या घरी झाली. खडक तसा सोपा होता, उतरता, दोन मजल्यांएवढा. दोर मी सांभाळणार होते, हेल्मेटं आणणार होते, एका वेळी एकच मूल चढणार होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी, चालेल. पण स्वल्प थांबा. पंधरा दिवस द्या."

माझा तोल गेला. अण्णा, तुमच्या या थांबण्यापायी शिबिर बंद पडेल, असं मी चार लोकांदेखत बोलून गेले. त्यांनी मोजपट्टी बोटांवर गुंडाळून खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर घेऊन खडकापाशी गेले आणि बघतच राहिले. खडकावर खालपासून वरपर्यंत निळ्या खडूच्या फुल्या होत्या. शिंपी कापडावर करतात तशा, बारीक आणि नेमक्या. शेताचा राखणदार म्हणाला, ते म्हातारे रोज बसनं यायचे, रांगत वर जायचे, बसून बसून खाली यायचे. एकदा गुडघाही फोडून घेतला. तिथं आलेल्या अण्णांकडून मी मोजपट्टी मागून घेतली. दोन फुल्यांमधलं अंतर अकरा इंच भरलं, वहीतल्या इराच्या पावलाच्या बरोबर अर्धं. सगळ्यांत बुटक्या पोराचं माप धरून अण्णांनी अख्खा खडक बेतला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पहिला नंबर इरानंच लावला. तिचा दोर मी वरच्या झाडावरून घेतला आणि खाली येऊन हातात धरला. अण्णा माझ्या शेजारी दगडावर बसले, तोंडात शिट्टी, आणि पाठ खडकाकडे.

"अण्णा, असे काय बसलात?"

"मला बघवत नाही. तुम्ही सांगा. कुठल्या फुलीवर आहे?"

मी सांगत राहिले. चौथी. सहावी. पाय नीट आहे. आणि दोरावरची नजर न काढता विचारलं, एवढी भीती वाटते तर तयार कशाला झालात?

शिट्टी तोंडातून काढून ते समोरच्या शेताकडे बघत बोलले. "माझा मोहन न्यूझीलंडला असतो. डोंगर चढतो, बर्फाचे. चढायच्या आधी सांगत नाही. उतरला की फोटो धाडतो, की अण्णा, जाऊन आलो. मी घाबरतो म्हणून." शिट्टी बोटांत फिरवत म्हणाले, "लहानपणी जिन्यावरसुद्धा हात सोडला नाही मी त्याचा. गावाच्या पोरांना वाढत्या अंगाचं शिवलं, अक्का. घरच्या पोराला बेतून घट्ट शिवलं. उसवून गेला."

 तेवढ्यात वरून इरा ओरडली, "अण्णा, तुमच्या फुल्या फार जवळजवळ आहेत. मी एक सोडून एक घेतेय."

आता शिट्टी वाजणार आणि 'स्वल्प थांबा' येणार, म्हणून मी दोर घट्ट धरला. काहीच आलं नाही. अण्णा दगडावरून उठले, हळूहळू वळले आणि खडकाकडे बघायला लागले. मोजपट्टीचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं, पण ते बघत होते. इरानं आणखी एक फुली सोडली, मग आणखी एक, आणि माथ्यावर जाऊन दोन्ही हात वर केले.

"वाढली की," अण्णा म्हणाले.

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला आणि इराचा फोटो काढायला लावला. "मोहनला धाडा. लिहा, अण्णा समोर उभा होता. सगळं बघितलं. पुढच्या डोंगराला, चढायच्या आधी सांग."

मी तसंच लिहिलं. अर्धी चढण ते पाठ फिरवून बसले होते, तेवढं मात्र लिहिलं नाही.